पोकळी नव्हे, अस्तर पाहायला शिकवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी निकाल लागला. अकरा वर्षे मागे राहिलेला प्राणिशास्त्राचा पेपर आणि त्याचे प्रात्यक्षिक, दोन्ही सुटले. मी ब्लाउजला बाही जोडत बसले होते. मुलाने मोबाईलवर गुणपत्रक उघडून समोर धरले, तेव्हा मशीनच्या पायडलवरून पाय आपोआप खाली आला आणि मनात पहिले नाव तुमचे, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मामांचे, आले. फोन करावा असे वाटले होते, पण फोनवर तुम्ही ‘बरं बरं, छान झालं’ एवढेच म्हणून विषय संपवला असता, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे उघडे पत्र लिहीत आहे. कारण तुम्ही जे केले ते चार लोकांनी वाचावे, आणि ज्यांनी करायला हवे होते व केले नाही त्यांनीही वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

आधी त्या दुसऱ्या मंडळींविषयी थोडे लिहिते, म्हणजे मन मोकळे होईल. अकरा वर्षांपूर्वीच्या तोंडी परीक्षेत माझ्यापुढे तीन वर्तुळांची आकृती ठेवण्यात आली होती. खासगी वर्गाच्या नोट्समध्ये तीच आकृती होती आणि तिच्याखाली देहगुहेविषयी, म्हणजे शरीराची भिंत आणि आतडे यांच्यामधल्या पोकळीविषयी, तीन ओळी होत्या: देहगुहाहीन प्राण्यांत पोकळी नाही, आभासी देहगुहेच्या प्राण्यांत खोटी पोकळी, सत्य देहगुहेच्या प्राण्यांत खरी पोकळी. त्या तीन ओळी मी घडाघडा म्हटल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारले, “गोलकृमीत पोकळी डोळ्यांना दिसते, तिच्यात द्रव आहे, अवयव आहेत, मग ती खोटी कशी?” पोकळीसारखी पोकळी, तिच्यात खरे-खोटे काय असणार, हा प्रश्न मला तीन वर्षांत कधी पडला नव्हता आणि कोणी पाडलाही नव्हता. मी गप्प राहिले. जर्नल माझ्याकडे परत सरकले. पुढे लग्न, घर, दोन मुले आणि शिलाई यांत तो पेपर तसाच राहिला.

विद्यापीठाने जुन्या विद्यार्थ्यांना शेवटची संधी दिल्याचे कळले, तेव्हा मी मार्गदर्शन मागायला विभागात आले. दारातच मला ऐकावे लागले, “देहगुहा शिकून ब्लाउज जास्त चांगले शिवता येणार आहेत का?” आत बसलेले दोघे-तिघे हसले. तुम्ही तेव्हा बरण्यांवरची धूळ पुसत होता आणि तुम्ही हसला नाहीत, एवढेच मला त्या क्षणी दिसले. मी जिना उतरून अर्ध्यावर आले असताना तुम्ही वरून हाक मारली, “मशीनवाल्या ताई, दुपारी दोनला या. प्रयोगशाळा मोकळी असते.”

दोन वाजता तुम्ही स्लाइडची लाकडी पेटी उघडून ठेवली होती. माझ्या विद्यार्थिदशेत गांडूळ आणि झुरळ फाडून पाहायचे असे. आता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सूचनांनंतर विच्छेदन बंद झाले आहे आणि तयार स्लाइड, बरणीतले नमुने व तक्ते यांवरच सगळे भागते. तुम्ही खिशातल्या धुतलेल्या रुमालाने सूक्ष्मदर्शकाची काच पुसली, पहिली स्लाइड लावली आणि एवढेच म्हणालात, “पोकळी बघू नका ताई. अस्तर बघा. अस्तराचं तुम्हाला मी काय सांगू?”

कित्येक वर्षे मी लोकांच्या कपड्यांना अस्तर लावते आहे. पण शरीराच्या आतल्या जागेलाही अस्तर असते आणि तिचा खरे-खोटेपणा त्या अस्तरावरून ठरतो, ही गोष्ट त्या दुपारपर्यंत माझ्या डोक्यात शिरली नव्हती.

पहिली स्लाइड यकृतकृमी या चपट्या कृमीची होती. आतड्याच्या फांद्या, अंडाशय, वृषण यांच्यामध्ये कुठेही मोकळी जागा नव्हती. सगळीकडे सैलसर पेशींचा भरावा, गादीत कापूस भरावा तसा. गर्भात बाह्यस्तर आणि अंतःस्तर यांच्यामध्ये जो मध्यस्तर तयार होतो, त्याने इथे सगळी जागा भरून काढलेली असते. तुम्ही विचारलेत, “आता सांगा, हा प्राणी चपटाच का?” मी बराच वेळ विचार करून म्हणाले, की आत काही वाहून नेणारे नसेल, तर प्रत्येक पेशी पृष्ठभागाच्या जवळच असायला हवी; जाड शरीर परवडणार नाही. तुम्ही मान हलवलीत. अकरा वर्षांत प्राणिशास्त्रातल्या माझ्या उत्तराला कोणी मान हलवण्याची ती पहिली वेळ होती.

दुसरी स्लाइड जंताची, म्हणजे एस्कॅरिस या गोलकृमीची. इथे चांगली ऐसपैस पोकळी होती आणि तिच्यात गर्भाशयाचे व अंडाशयाचे गोल छेद विखुरलेले होते. “बाहेरच्या भिंतीला आतून काय आहे?” तुम्ही विचारलेत. स्नायूंचा थर होता. “आणि आतड्याला बाहेरून?” तिथे काहीच नव्हते, उंच पेशींचा एकच थर, उघडा. म्हणजे मध्यस्तराचे अस्तर एकाच बाजूला, आतड्याची बाजू कोरी. ही पोकळी मध्यस्तराने घडवलेलीच नाही. गर्भ नुसता पेशींचा पोकळ चेंडू असताना त्याच्या आत जी जागा असते, तीच पुढे शिल्लक राहिलेली आहे. म्हणून ती आभासी. परीक्षकांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर एवढेच होते, आणि ते एका स्लाइडमध्ये, हाताच्या अंतरावर, त्या लाकडी पेटीत अकरा वर्षे पडून होते. जंताच्या आतड्याला स्वतःचे स्नायू नसल्यामुळे ते आपले आपण हलू शकत नाही. अन्न पुढे ढकलायचे काम घशाचा स्नायुमय पंप आणि अंगाची वळवळ यांवर चालते. अंगाच्या भिंतीतले स्नायूही फक्त लांबीच्या दिशेचे, आणि आतला द्रव भारी दाबाखाली. त्यामुळे जंताला गांडुळासारखे आखूड-लांब होत सरकता येत नाही, तो नुसता वळसे घेत राहतो.

तिसरी स्लाइड गांडुळाची. तिच्यात भिंतीलाही मध्यस्तराचे अस्तर होते आणि आतड्यालाही, शिवाय आतड्याला स्वतःचे स्नायूही होते. दोन्ही बाजूंना अस्तर, म्हणून सत्य देहगुहा. हे मला दिसले, पटले, तरी एक शंका राहिलीच, आणि ती मी विचारली याचे आजही मला आश्चर्य वाटते, कारण प्रश्न विचारायची माझी सवय या इमारतीनेच मोडली होती. मी म्हणाले, “मामा, आम्ही दोन बाजूंना अस्तर लावतो तेव्हा दोन तुकडे कापतो. इथे दोन्ही बाजूंना एकाच वेळी अस्तर आले कुठून?”

तुम्ही उत्तर दिले नाहीत. घड्याळाकडे पाहिलेत, कोपऱ्यातल्या टेबलावरचा डबा उघडलात आणि ज्वारीची भाकरी बाहेर काढलीत.

त्या पुढच्या दोन मिनिटांसाठी हे सगळे पत्र आहे. तुम्ही भाकरी उभी धरून तिची कड मला दाखवलीत आणि म्हणालात, “थापताना ही एकच होती. मध्ये काही नव्हतं.” मग अंगठ्याने कडेला हलकेच दाबून पापुद्रा उचललात, आणि आतल्या मोकळ्या जागेत माझे बोट घालायला सांगितलेत. “ही देहगुहा. वरचा पापुद्रा कातडीला चिकटतो, खालचा आतड्याला. कडेला बघा, दोन्ही एकच आहेत.” खरोखरच, कडेला शिवण नव्हती. अस्तर दोन तुकड्यांचे नव्हतेच; एकाच थापलेल्या थराचे दोन पदर सुटले होते, आणि पोकळी त्या सुटण्यातून जन्माला आली होती. आधी जागा आणि मग तिला अस्तर, असा माझा समज होता. इथे अस्तरातूनच जागा निर्माण होत होती.

आणि मग तुम्ही तो पापुद्रा पूर्ण सोडवून, त्यावर डब्यातली थोडी शेंगदाण्याची चटणी ठेवून, माझ्या हातात दिलात, आणि खालचा जाड भाग स्वतः खाल्लात. आमच्या घरी पापुद्रा लहान मुलाला देतात. आई गेल्यापासून मला तो कोणी काढून दिला नव्हता. विषय तर मला समजला होताच, मामा, पण पापुद्रा मला देऊन जाड भाकरी तुम्ही ठेवून घेतलीत, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की या प्रयोगशाळेत मी कोणाच्या तरी हिशेबात आहे. मी खिडकीकडे तोंड करून तो पापुद्रा खाल्ला. तुम्ही पेटी आवरण्यात गुंतल्यासारखे दाखवलेत, त्याबद्दलही आभार.

घरी आल्यावर मी त्या भाकरीचा पाठपुरावा केला. गांडुळाच्या गर्भात मागच्या टोकाशी असलेल्या दोन मोठ्या पेशी विभाजित होत होत डावी-उजवी अशा दोन पट्ट्या तयार करतात. पट्टीचे खंडाखंडाप्रमाणे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा आतून भाकरीसारखा सुटतो आणि फुगत जातो. शेजारच्या दोन फुगलेल्या पिशव्या जिथे एकमेकींना टेकतात, तिथे दोन खंडांमधला पडदा तयार होतो. म्हणजे गांडुळाचा प्रत्येक पडदा दुहेरी कापडाचा असतो, आणि हे वाचून शिंपीण म्हणून मला फार समाधान वाटले. त्या पडद्यांमुळेच गांडूळ एका वेळी थोडेच खंड आवळून बाकीचे सैल सोडू शकते. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडमंड विल्सन यांनी १८९२ मध्ये नेरीस या समुद्री वलयी प्राण्याच्या गर्भातील पेशींचा एकेक करून मागोवा घेतला, तेव्हा मध्यस्तराच्या या पट्ट्या एकाच पेशीपासून निघतात असे त्यांना दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली एका पेशीचा असा पिच्छा पुरवणाऱ्या माणसाची चिकाटी मला बारीक हातशिलाईच्या जातीची वाटते.

देहगुहा तयार होण्याची दुसरी रीतही मी तुम्हाला पुढच्या भेटीत विचारली होती, आणि तेव्हा तुम्ही माझ्याच शर्टाच्या नमुन्याचा खिसा ओढून दाखवला होता. तारामाशासारख्या कंटकचर्मी प्राण्यांत मध्यस्तराचा भरीव थर सुटत नाही; गर्भातल्या आद्य आतड्याच्या भिंतीला खिसे फुटतात, ते बाहेर वाढतात, तोंडाशी आवळून तुटतात आणि स्वतंत्र पिशव्या होतात. इथे पोकळी मुळात आतड्याच्याच पोकळीचा तुकडा असते आणि अस्तर खिशाच्या कापडाचे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८७२ मध्ये देहगुहेला ‘सीलोम’ हे नाव दिले, आणि नंतर थोड्याच वर्षांत इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ हक्सले यांनी सुटून झालेली देहगुहा व खिशातून झालेली देहगुहा यांना वेगळी नावे दिली. भाकरीची रीत म्हणजे शायझोसील आणि खिशाची रीत म्हणजे एन्टेरोसील, अशी माझ्या वहीत नोंद आहे, आणि ती मी खोडणार नाही. भाकरी वाफेने सुटते आणि मध्यस्तर पेशींच्या स्वतःच्या हालचालीने, एवढा फरक मात्र मी कडेला लिहून ठेवला आहे, नाहीतर तुम्हीच रागावला असता.

आता परीक्षेचे सांगते. याही वेळी परीक्षक बाहेरूनच आल्या होत्या, एक मध्यमवयीन बाई. पुढे जंताची स्लाइड होती आणि प्रश्न तोच: पोकळी आहे, मग आभासी का? मी आतड्याची उघडी बाजू दाखवली. त्यांनी लगेच झुरळाकडे मोर्चा वळवला. झुरळाच्या शरीरातली एवढी मोठी मोकळी जागा पाहून बहुतेक मुले ‘सत्य देहगुहा’ म्हणून मोकळी होतात, हे तुम्ही मला आधीच बजावले होते. मी सांगितले की झुरळ सत्य देहगुहेच्या प्राण्यांतच मोडते, पण त्याच्या शरीरात जी जागा दिसते ती रक्तगुहा आहे; तिच्यात रक्त थेट अवयवांना न्हाऊ घालते आणि तिला मध्यस्तराचे सलग अस्तर नाही. गर्भात खंडाखंडात देहगुहेच्या छोट्या पिशव्या येतात, पण पुढे त्यांच्या भिंती विस्कटतात, त्या इतर जागांत मिसळून जातात, आणि खरी देहगुहा जननग्रंथींसारख्या थोड्या ठिकाणी उरते. गोगलगायीसारख्या मृदुकाय प्राण्यांतही ती हृदयाभोवतीच्या जागेपुरती आणि अशाच एखाददुसऱ्या कोपऱ्यापुरती आक्रसलेली असते.

बाई किंचित पुढे वाकल्या. “माणसाची देहगुहा कशी होते?” हा प्रश्न सापळा आहे, हे मला कळले. नोट्समध्ये छापलेले असते की तारामासा आणि पृष्ठवंशी प्राणी एकाच मोठ्या शाखेतले, आणि त्या शाखेत देहगुहा खिशातून होते. पण माणसाच्या गर्भात खिसे दिसत नाहीत. मध्यस्तराच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांत आधी बारीक पोकळ्या दिसतात, त्या एकमेकींना मिळतात आणि पट्टी दोन पदरांत सुटते. गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास हे घडत असते. अॅम्फिऑक्सस या पृष्ठवंशींच्या नात्यातल्या छोट्या, माशासारख्या समुद्री प्राण्यात पुढच्या भागात खिसे दिसतात, आपल्यात नाही. मी एवढे बोलले आणि घाबरून पुढे म्हणाले, “मॅडम, आपल्या देहगुहेची भाकरीच होते.” त्यांनी चष्मा काढला. मला वाटले, संपले. त्या म्हणाल्या, “कोणी शिकवलं हे?” मी तुमचे नाव सांगितले. विभागातले एक सर मागे उभे होते, त्यांना ते ऐकू गेले असावे अशी आशा आहे.

त्या सुटलेल्या एका सलग पोकळीचेच पुढे भाग पडतात, हेही त्यांनी माझ्याकडून वदवून घेतले: हृदयाभोवतीचा एक, दोन्ही फुप्फुसांभोवतीचे दोन आणि पोटाचा एक. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल येते, आणि ते कधी पूर्ण जुळले नाही तर पोटातले अवयव छातीत शिरतात; बाळ जन्मते ते श्वासासाठी झगडतच, आणि हे भोक बहुतेक वेळा डाव्या बाजूला असते. हृदयावरण, फुप्फुसावरण, उदरावरण हे शब्द मी शाळेपासून पाठ केले होते. ती सगळी एकाच अस्तराची कापडे आहेत, हे मला चौतिसाव्या वर्षी कळले. हृदयाला धडधडायला आणि आतड्याला सरकायला जागा मिळते ती त्या गुळगुळीत, ओलसर अस्तरामुळे. अस्तर नीट बसले नाही तर अंगरखा काचतो, हे कोणत्याही शिंप्याला विचारावे.

एक गोष्ट मात्र तुमच्याशी बोलायची राहून गेली. त्या तीन वर्तुळांची आकृती आपल्याकडे शिडीसारखी शिकवली जाते: खालच्या पायरीवर देहगुहाहीन, मधल्यावर आभासी, वर सत्य. पण १९९७ मध्ये जनुकांच्या तुलनेतून असे दिसले की गोलकृमी हे झुरळासारख्या संधिपाद प्राण्यांचे जवळचे नातेवाईक आहेत. दोघेही वाढताना कात टाकतात. आणि चपटे कृमी शिडीच्या तळाशी एकटे बसलेले नसून गांडूळ व गोगलगाय यांच्या बाजूच्या गोतावळ्यात पडतात. म्हणजे पोकळी असणे-नसणे यावरून कोणाची पायरी ठरत नाही. एखाद्या वंशात ती कमी झाली असेल, एखाद्यात वेगळ्या वाटेने आली असेल. हे वाचले तेव्हा मला विभागाच्या दारातले ते हसणे आठवले. माणसांना पायऱ्यांवर बसवून टाकायची घाई करणाऱ्यांच्या हातात प्राण्यांचे वर्गीकरण शिकवायचे काम असावे, हा योगायोग मला अजून पचलेला नाही.

तुमचे शिक्षण आठवीपर्यंत झाले, असे तुम्हीच एकदा सांगितले होते, आणि “मी शिकवत नाही, तीस वर्षं शेजारच्या खोलीतून ऐकलेलं सांगतो” असेही म्हणाला होता. शेजारच्या खोलीत तेच ऐकून बसलेले आम्ही शंभरजण होतो, मामा. तुम्ही ऐकताना बरणीतल्या जंताकडे पाहत होता आणि आम्ही नोट्सकडे, एवढाच काय तो फरक. तुमच्यासारखी माणसे प्रत्येक विभागात, कचेरीत, दवाखान्यात एखादी तरी असतात. त्यांच्याकडे किल्ल्या असतात, अधिकार नसतो, आणि तरी गरजवंतासमोर पेटी उघडून ठेवायला ती कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. त्यांची नावे सत्कार समारंभांच्या पत्रिकेत येत नाहीत. समारंभाच्या खुर्च्या मात्र तीच मांडतात.

पदवीचे प्रमाणपत्र यायला अजून वेळ आहे. ते घ्यायला येईन तेव्हा दुपारी दोनच्या सुमारास प्रयोगशाळेत येईन. तुमच्या मापाचा अंदाज घेऊन एक सुती शर्ट शिवला आहे. कॉलर आणि छातीवरचा खिसा दुहेरी कापडाचे आहेत, मुद्दाम. त्या दिवशी तुम्ही डबा आणू नका. भाकरी मी घेऊन येईन, आणि पापुद्रा तुम्ही घ्यायचा.

आपली,
मशीनवाली ताई